घरीच असायची



स्मृती व्याख्यानमालेची आपल्याकडे एक रीत आहे. ज्यांचं स्मरण करायचं ते पुढारी असतात, लेखक असतात, संस्था काढणारे असतात. त्यांची तसबीर व्यासपीठावर असते, तिला हार असतो. मी तीस वर्षं महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळे या वाचनालयाच्या आयोजकांची अपेक्षा असेल की मी अर्थसंकल्पावर किंवा कांद्याच्या भावावर बोलेन. मी अर्थशास्त्रावरच बोलणार आहे. फक्त ते मी ज्या माणसाकडून पहिल्यांदा शिकले, त्या माणसाच्या आठवणीतून बोलणार आहे.

ते माणूस म्हणजे माझी आजी. आम्ही तिला जिजी म्हणायचो. गल्लीला ती मावशी होती. बिडी कारखान्याच्या वहीत तिचा एक नंबर होता. तिचं नाव मी आज मुद्दाम घेणार नाही. या सिन्नरमध्ये तिच्यासारख्या इतक्या जणी होऊन गेल्या की एकीचं नाव घेतलं तर बाकीच्यांना वाटेल, ही गोष्ट आपली नव्हे. ज्यांच्या घरात अशी आजी होती त्यांनी माझ्या जिजीच्या जागी तिचं नाव घालून ऐकावं.

जिजी २०१३ साली गेली. वय ऐंशीच्या पुढे. नेमकं किती ते तिला माहीत नव्हतं आणि आम्हालाही नाही. मृत्यूचा दाखला काढायला काका गेले, सोबत मी होते. खिडकीपलीकडच्या माणसानं एकेक रकाना भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग त्यानं विचारलं, “व्यवसाय?”

काका म्हणाले, “काही नाही. घरीच असायची.”

त्यानं तसं लिहिलं. काकांच्या मनात काही वाईट नव्हतं. आईवर त्यांचा जीव होता. आणि मी, अर्थशास्त्राची प्राध्यापक, श्रमाची व्याख्या फळ्यावर हजार वेळा लिहिलेली, शेजारी उभी होते. मीही काही बोलले नाही. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघांनी मिळून काय केलं.

आजचं माझं व्याख्यान हे त्या खिडकीवर द्यायला हवं होतं ते उत्तर आहे. त्याचे तीन भाग आहेत. ती काय काम करत होती, हा पहिला. तिच्यात जी माया होती ती कसली होती, हा दुसरा. आणि एवढं सगळं असून ‘काही नाही’ असं लिहिलं कसं गेलं, हा तिसरा.

पहिला भाग. काम.

इथे बसलेल्या वयस्कर मंडळींना हे सांगायची गरज नाही. पण तरुण मुलंमुली आहेत, त्यांनी सिन्नरची ओळख औद्योगिक वसाहतीवरून आणि गोंदेश्वराच्या मंदिरावरून करून घेतली आहे. त्यांच्यासाठी सांगते. आपल्या तालुक्यात तेंदूचं जंगल नाही. तेंदूपान यायचं विदर्भातून, मध्य प्रदेशातून. बिडीचा तंबाखू यायचा निपाणीकडून, गुजरातेतून. पान आपलं नाही, तंबाखू आपला नाही, मग बिडी आपल्या गावात का वळली जायची? कारण आपल्याकडे पाऊस नव्हता. पर्जन्यछायेतला तालुका, जिरायती शेती, वर्षातले कितीतरी महिने हाताला काम नाही. जिथे पोटासाठी हात रिकामे असतात तिथे पान आणि तंबाखू शेकडो मैलांवरून चालत येतात. उद्योग कुठे उभा राहतो, याचा हा धडा मला पुस्तकाच्या आधी आमच्या ओसरीनं दिला.

आता काम कसं चाले ते पाहा. संध्याकाळी कारखान्यातून पानांचे पुडे, मोजून दिलेला तंबाखू म्हणजे जर्दा, आणि दोरा घरी येई. रात्री जिजी पानं भिजवायची आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. पान जास्त भिजलं तर काळं पडतं, कमी भिजलं तर वळताना तडकतं. किती भिजवायचं हे हवेवर ठरे. पावसाळ्यात वेगळं, चैत्रात वेगळं. ती हाताच्या पाठीनं पानाला स्पर्श करायची आणि सांगायची, झालं.

पहाटे उठून पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, आम्हाला उठवायचं. मग पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं तुकडे कापायचे. पानाची जाड शीर तुकड्यात येऊ द्यायची नाही, आणि एका पानातून जास्तीत जास्त तुकडे निघाले पाहिजेत. जिजीच्या हाताखालून उरलेलं पान तुम्ही पाहिलं असतंत तर त्याची जाळी झालेली दिसली असती. ते कातरणही वाया जात नसे. आमच्या घरात आंघोळीचं पाणी त्याच्यावर तापायचं. त्या धुराचा वास आजही कुठे आला तर मी क्षणभर सात वर्षांची होते.

मग मांडीवर सूप. सुपात जर्दा आणि तुकडे. एक तुकडा घ्यायचा, त्यावर चिमूटभर जर्दा पसरायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचा, लोखंडी काडीनं तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. एक बिडी झाली. जर्दा जास्त झाला तर संध्याकाळी तो कमी पडतो, कमी झाला तर बिडी पोकळ निघते. ही चिमूट वजनकाट्याशिवाय दिवसातून हजार वेळा सारखी पडली पाहिजे. याला आपण कौशल्य म्हणायचं की नाही? कारखान्यातल्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाला आपण कुशल कामगार म्हणतो. मग ज्या बाईची बोटं हेच यंत्र आहे तिला काय म्हणायचं?

पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. हजार बिड्यांचे चाळीस कट्टे. जिजीचे दिवसाला हजार होत. सणावाराला, आजारपणात कमी. मी एकदा हिशोब मांडला. वर्षाचे तीनशे दिवस आणि चाळीस वर्षं धरली तर एक कोटी वीस लाख बिड्या होतात. एक कोटी वीस लाख वेळा तीच चिमूट, तीच वळणी, तोच दोरा. हे काम करणारी बाई घरीच असायची, हे खरं आहे. ती घरी असायची कारण कारखाना तिच्या मांडीवर होता.

आणि एवढं करून संध्याकाळी कट्टे घेऊन रांगेत उभं राहायचं. तपासणारा माणूस बिड्या पाहायचा आणि त्याला न आवडलेल्या बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणत. बाजूला काढलेल्या बिडीची मजुरी मिळत नसे, पण ती बिडी परतही मिळत नसे. पान खराब आलं, तुकडे कमी निघाले, तर हजार भरायला पदरचे पैसे घालून बाजारातून पान विकत घ्यावं लागे. मी लहानपणी जिजीसोबत त्या रांगेत उभी राहिले आहे. छाट काढली जात असताना ती त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत नसे, त्याच्या हाताकडे पाहायची. घरी आल्यावर मला म्हणायची, “पोरी, हिशोब शीक. ज्याला हिशोब येतो त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.” मी अर्थशास्त्र का घेतलं, असं मला पुष्कळांनी विचारलं. त्याचं उत्तर एवढंच आहे.

हा सगळा झाला बरा काळ. आता १९७२ आठवा. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला आहे त्यांच्यापुढे त्याचं वर्णन करण्याचं धाडस मी करणार नाही. त्या वर्षी बिडीच्या कामाचे दिवसही कमी झाले. जिजी तेव्हा चाळिशीची होती. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती आणि घरात खाणारी तोंडं सात होती. ती दुष्काळी कामावर गेली. रस्त्यासाठी खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली. आयुष्यभर बसून बोटांचं काम केलेल्या बाईच्या हातात हातोडा आला. मी सहा वर्षांची होते. तिच्या तळहातावरचे फोड तेवढे मला आठवतात, आणि लाल मिलोची भाकरी आठवते, जी कशाबरोबरही खाल्ली तरी घशाखाली उतरत नसे.

त्या दुष्काळातून आपल्या राज्यानं देशाला एक गोष्ट दिली. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्यात आला. पुढे २००५ साली देशभरासाठी जो कायदा झाला त्याचं मूळ इथे आहे. पण मला विचाराल, तर त्या योजनेच्या पायात आमच्या आज्यांनी फोडलेली खडी आहे. त्या कामावर गेल्या, रांगेत बसल्या, मजुरी मागितली, म्हणून सरकारला कळलं की या राज्यातल्या बाईला भीक नको, काम हवं आहे.

आता दुसरा भाग. माया.

आजी म्हटलं की आपण सगळे ‘मायाळू’ हा शब्द वापरतो. हा शब्द आपण इतका सहज वापरतो की माया ही जणू पिकलेल्या केसांबरोबर आपोआप येणारी गोष्ट आहे, असं वाटावं. माझं म्हणणं वेगळं आहे. जिजीची माया हा तिचा निर्णय होता. तो ती रोज घ्यायची आणि त्याची किंमत रोज चुकवायची.

एक उदाहरण देते. आमच्या समोरच्या घरात एक नवी सून आली होती. पहिलं बाळंतपण झालं, सव्वा महिना व्हायच्या आत ती पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसली. बाळ रडे, ती उठे, बिड्या राहून जात. संध्याकाळी तिचे हजार भरत नसत आणि सासू बोलत असे. जिजी काय करायची? कारखान्याकडे निघताना तिच्या टोपल्यात आपले तीन-चार कट्टे टाकायची. कोणाला न सांगता. तीन-चार कट्टे म्हणजे शंभराच्या आसपास बिड्या. म्हणजे जिजीच्या दिवसाच्या कमाईचा जवळजवळ दहावा भाग. आज आपल्यापैकी कोण आपल्या पगाराचा दहावा भाग शेजारच्या सुनेला रोज देईल, आणि तोही तिला न कळता?

मी तिला विचारलं होतं, तू असं का करतेस. ती म्हणाली, “माझ्या वक्ताला कोणी टाकले नव्हते.”

हे वाक्य मी पुन्हा सांगते. माझ्या वक्ताला कोणी टाकले नव्हते. आपल्याकडे उलटं वाक्य जास्त ऐकू येतं. आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा. सासू सुनेला म्हणते, वरिष्ठ नव्या माणसाला म्हणतो, एक पिढी पुढच्या पिढीला म्हणते. सोसलेलं दुःख दोन वाटांनी जाऊ शकतं. एक वाट म्हणते, मला मिळालं नाही म्हणून तुलाही नाही. दुसरी वाट म्हणते, मला मिळालं नाही म्हणून तुला मिळालं पाहिजे. जिजीपुढे दोन्ही वाटा रोज उघड्या होत्या. कडू व्हायला तिच्याकडे सगळी कारणं होती. तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, दीर-जावांच्या घरात एक खोली. तिनं दुसरी वाट धरली. म्हणून मी म्हणते, तो स्वभाव नव्हता, निर्णय होता.

दुपारी आमच्या ओसरीवर पाच-सहा जणी सूप घेऊन बसत. त्यात कोणीतरी नवी असायची. तिला वळायला शिकवणं हे जिजीचं काम. शिकवताना आपला वेग मंदावतो, आपल्या बिड्या कमी होतात. नगावर मजुरी असलेल्या माणसाला शिकवणं परवडत नाही. ती शिकवायची. आणि शिकवताना बोलणं चाले. कोणाच्या घरी काय शिजलं नाही, कोणाच्या मुलाला ताप आहे, कोणाला मार पडला. ते सगळं ऐकून ती संध्याकाळी कोणाकडे पीठ, कोणाकडे काढा पोहोचवायची, आणि मार देणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. भांडायची नाही. नुसती उभी राहायची, आणि त्या पुरुषाला नावानं हाक मारायची. गल्लीतले निम्मे पुरुष तिच्यासमोर लहानाचे मोठे झालेले. तिच्यापुढे कोणाचा हात वर झाला नाही.

आषाढीच्या आधी निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते, ती आपल्या तालुक्यातून जाते. जिजी कधी पंढरपूरला गेली नाही. चार दिवसांचं काम बुडवणं तिला शक्य नव्हतं. पण पालखीच्या दिवशी ती पहाटे तीनला उठून दोन दिवसांचं काम एका दिवसात ओढायची, आणि भाकरी-पिठलं बांधून वाटेवर जाऊन बसायची. वारकऱ्यांना वाढायची. परत येताना तिच्या चेहऱ्यावर जे असायचं त्याला शब्द माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणेन की ती पंढरपूरहून आल्यासारखी दिसायची.

आणि आता एक अवघड गोष्ट. ती टाळून मी पुढे गेले तर हे स्मरण खोटं होईल.

जिजी जी वस्तू बनवत होती ती माणसाला मारते. बिडीनं फुप्फुसं जातात, कर्करोग होतो. माझे आजोबा छातीच्या आजारानं गेले, आणि ते बिडी ओढत. जिजीची खात्री होती की बिडीनंच नेलं. ज्या जर्द्यानं नवरा नेला असं तिला वाटत होतं, त्याच जर्द्यावर तिनं पोरं वाढवली. तिला हे कळत नव्हतं असं कोणी समजू नये. आमच्या घरात तिचा एक कडक नियम होता. या घरात बिडी वळली जाईल, ओढली जाणार नाही. माझ्या काकांनी सोळाव्या वर्षी एकदा लपून ओढली. जिजीनं मारलं नाही, ओरडली नाही. दोन दिवस ती त्यांच्या हातचं पाणी प्यायली नाही. काकांनी पुन्हा बिडीला हात लावला नाही.

आणि ती स्वतः? चाळीस वर्षं जर्द्याची धूळ नाकातोंडात, पाठीचा कणा वाकलेला, रात्रीचा खोकला. ओढणाऱ्याच्या आरोग्यासाठी पुड्यावर इशारा छापला गेला. २०१६ पासून तो पुड्याच्या दर्शनी बाजूचा ८५ टक्के भाग व्यापतो. ते योग्यच आहे, मी त्याच्या पूर्ण बाजूची आहे. पण वळणारीसाठी इशारा कुठे छापला गेला? बिडी संपली पाहिजे, हे मी या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणते. मात्र ती संपवताना बिडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवरचं सूप काढून घ्यायचं असेल, तर तिच्या हातात आधी दुसरं काम ठेवा. सरकारी नोंदीत देशात जवळपास ५० लाख बिडी कामगार आहेत आणि त्यांत बहुसंख्य बायका आहेत. एवढ्या हातांना आपण काय देणार आहोत, हा प्रश्न तंबाखूबंदीच्या भाषणांत आला पाहिजे.

तिसरा भाग. नोंद.

एवढं काम केलेल्या बाईच्या नावापुढे ‘काही नाही’ कसं लिहिलं जातं?

कायदा नव्हता, असं म्हणता येणार नाही. १९६६ साली संसदेनं बिडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला. त्यात घरी बसून बिडी वळणारी बाईसुद्धा कामगार धरली गेली. मालकांनी त्याला आव्हान दिलं आणि १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं माझ्या आजीला कामगार म्हटलं आहे. आम्ही, तिच्या घरच्यांनी, म्हटलं नाही.

१९७६ साली बिडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. बिडीवर उपकर बसला आणि त्या पैशातून दवाखाने, घरं, मुलांना शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. माझी आईही बिडी वळायची. माझ्या शाळेच्या वह्या-पुस्तकांना त्या निधीचा आधार होता. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला आणि तो उपकर बंद झाला. त्यासाठी मोठा आवाज उठला नाही. ज्यांचं काम आपण काम मानत नाही, त्यांच्या निधीचा उपकर गेल्याची बातमीही आपल्याला बातमी वाटत नाही.

जिथे बायकांनी स्वतः आवाज उठवला तिथे काय घडतं तेही सांगते. सोलापुरात बिडी कामगार महिलांनी वर्षानुवर्षं लढून दहा हजार घरांची वसाहत मिळवली. तिला गोदूताई परुळेकर यांचं नाव दिलं. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. ‘घरीच असायच्या’ अशा बायकांनी स्वतःचं घर मिळवलं. कारण त्यांनी आधी स्वतःला कामगार म्हटलं होतं.

आता घरातल्या दुसऱ्या कामाकडे या, ज्याला बिडीएवढीही मजुरी नव्हती. पाणी, चूल, धुणं, म्हाताऱ्यांचं, पोरांचं. जनगणनेच्या व्याख्येत हे काम ‘काम’ नव्हतंच. अलीकडे सरकारनं वेळेच्या वापराची पाहणी सुरू केली. २०१९ च्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. २०२४ मध्ये बायकांची २८९ झाली आणि पुरुषांची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषाचीही नऊ मिनिटं कमी झाली. म्हणजे तिची दहा मिनिटं त्यानं उचलली, असंही नाही. समोर बसलेल्या माझ्या भावांनो, तुम्हाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. आज घरी गेल्यावर घड्याळ पाहा, एवढंच म्हणते.

पण सगळ्यात मोठी नोंद सरकारची नसते. ती आपल्या मनातली असते. जनगणनेवाला दारात आला की घरातला पुरुष उत्तर देतो. “बायको काय करते?” “काही नाही, घरीच असते.” त्याच वेळी आत सूप चालू असतं, त्याचा आवाज बाहेर येत असतो. माझे काका त्या खिडकीवर नवीन काही बोलले नाहीत. आमच्या घरात तीन पिढ्या जे बोललं जात होतं तेच बोलले.

मला जिजीच्या बोटांबद्दल सांगू द्या. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झालं, आणि त्यानंतर काही वर्षांत आमच्या गल्लीत संध्याकाळचा वर्ग आला. जिजी साठीच्या आसपास होती. तोवर मजुरीच्या कागदावर ती अंगठा उठवत आली होती. ती वर्गाला गेली आणि सही शिकली. तीन महिने लागले. ज्या बोटांना एका आकाराची चाळीस वर्षांची सवय, त्यांना अक्षराचं वळण जड जात होतं. पण ती म्हणायची, “बिडी वळता येते तर ‘व’ वळता येणार नाही?”

पुढे शेवटच्या वर्षांत बोटांचे ठसे घ्यायची यंत्रं आली. तिला रांगेत नेलं. एक बोट ठेवलं, दुसरं ठेवलं, दहाही ठेवली. यंत्राला ठसा मिळेना. एक कोटी वीस लाख बिड्यांनी तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून टाकल्या होत्या. तिथला मुलगा म्हणाला, आजी, तुमचे ठसेच नाहीत. जिजीनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, “कागद दे. मी सही करते.”

मित्रांनो, ही माझ्या व्याख्यानातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे आणि ती माझी नाही. कष्टानं तिच्या हाताची खूण पुसली. तिनं स्वतःच्या हातानं दुसरी खूण तयार करून ठेवली होती.

ती गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली. दोन नऊवारी, माझ्या वडिलांच्या शाळेचा एक निकाल, आणि कापडात गुंडाळलेलं बिडी कामगाराचं ओळखपत्र. त्यावर तिचा फोटो. तिचा एकटीचा असा तो एकच फोटो आमच्याकडे आहे. लग्नाचा नाही, सणाचा नाही. कामगार म्हणून काढलेला. तिनं तो वीस-पंचवीस वर्षं जपला. आपण कोण आहोत हे तिला माहीत होतं. ते आम्हाला माहीत नव्हतं. पेटी उघडली तेव्हा दाखला हातात येऊन आठ दिवस झाले होते.

आता थोडक्यात सांगून संपवते. आपल्या आज्यांचं काम हे कौशल्याचं काम होतं, त्याला कुशल काम म्हणा. त्यांची माया हा त्यांनी रोज घेतलेला निर्णय होता, त्याला नुसता स्वभाव म्हणून मोकळे होऊ नका. आणि त्या नोंदीतून गेल्या त्या आपल्या बोलण्यामुळे गेल्या, म्हणून दुरुस्तीही आपल्या बोलण्यातून सुरू झाली पाहिजे.

हे अशक्य नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. ज्या बायकांना अक्षर येत नव्हतं त्यांचं बोलणं कागदावर आलं, कारण कोणीतरी शेजारी बसून ऐकलं. लक्ष्मीबाई टिळकांनी, रमाबाई रानड्यांनी स्वतःच्या आठवणी स्वतः लिहिल्या. आमच्या आज्यांना ते जमण्यासारखं नव्हतं, पण त्यांना आपण होतो. आपण ऐकायला बसलो नाही.

म्हणून या वाचनालयाला माझी एक विनंती आहे. एक कोरी वही दाराजवळच्या टेबलावर ठेवा. गावातल्या ज्याला वाटेल त्यानं त्यात आपल्या आजीचं एक पान लिहावं. तिचं नाव, तिचं माहेर, ती कोणतं काम करायची, दिवसाला किती करायची, त्याचे किती पैसे मिळायचे, आणि तिनं कोणासाठी काय केलं. ज्यांच्या आज्या अजून घरी आहेत त्यांनी उद्याच विचारा. पहिलं पान मी लिहिते आहे. सभा संपल्यावर इथेच बसून लिहीन. आज घेतलं नाही ते नाव त्या पानावर पूर्ण लिहीन, आणि व्यवसायाच्या पुढे लिहीन: बिडी कामगार, चाळीस वर्षं.